विश्लेषण : सिकलसेल रुग्णाने व्यायाम करावा की नुसता आराम? संशोधन काय सांगते?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात आंबागड हे डोंगराच्या कुशीतले गाव आहे. डोंगरावर इ. स. १७०० च्या सुमारास बांधलेला किल्ला आहे. शाळेची सहल असो की श्रावणातला रविवार, परिसरातली मुले हा किल्ला चढून जातातच. अशा सहलीत एखादे पोर पायथ्याशी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेले असेल, तर त्यामागे बहुधा घरच्यांची सूचना असते. 'त्याला सिकल आहे, त्याला पळवू नका, गुरुजी.'

ही भीती उगाच आलेली नाही. सिकलसेलच्या वेदनेने रात्र-रात्र तळमळणारे मूल ज्या घराने पाहिले आहे, ते घर पुन्हा धोका पत्करत नाही. पण पायथ्याशी बसवलेल्या या मुलाचे पुढे काय होते? दम वाढत नाही, स्नायू भरत नाहीत, मित्र कमी होतात. वयाच्या विसाव्या वर्षी जिना चढतानाही धाप लागते, तेव्हा ती आजारामुळे किती आणि वर्षानुवर्षे बसून राहिल्यामुळे किती, हे सांगणे अवघड होते. गेल्या काही वर्षांत संशोधकांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला आहे.

'दुर्मीळ' आजार, पण कोणासाठी?

अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी लोकांना असलेला आजार कायद्याने दुर्मीळ मानला जातो. तिथे सिकलसेलचे रुग्ण सुमारे एक लाख आहेत, म्हणून तो दुर्मीळ जनुकीय आजारांच्या यादीत येतो. विदर्भात चित्र उलटे आहे. इथे 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द गावच्या आशाताईंपासून लग्नाच्या बैठकीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत.

भारतात हा आजार सर्वप्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. मध्य भारतात तो आहे हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर आणले. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या माहितीनुसार आदिवासी समाजात जन्मणाऱ्या दर ८६ बाळांमागे एकाला हा आजार असतो. विदर्भात मात्र तो आदिवासींपुरता नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे.

तपासणी वाढली की निदान वाढते. निदान झालेल्या माणसाचा पुढचा प्रश्न मात्र साधा असतो. 'मी काय करू शकतो आणि काय नाही?' या प्रश्नाला अजूनही बहुतेक वेळा 'जास्त दगदग करू नका' एवढेच उत्तर मिळते.

लाल पेशी विळ्यासारखी का होते?

हिमोग्लोबिन तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्यात एका अक्षराचा बदल झालेला असतो. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने तयार झालेले हे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडला की एकमेकांना चिकटून लांब दोऱ्यांसारखे होते आणि गोल, लवचिक पेशी कडक होऊन विळ्याचा आकार घेते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. रक्तक्षय कायमचा मागे लागतो तो त्यामुळे.

आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे 'एएस' असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक हा रुग्ण नसतो, त्याला सहसा कोणताही त्रास होत नाही. हा फरक घरोघरी नीट पोहोचलेला नाही, आणि व्यायामाच्या संदर्भात तो फार महत्त्वाचा आहे.

मग व्यायामाची भीती कशाची?

जोरात धावले की स्नायू जास्त प्राणवायू ओढून घेतात, रक्तात लॅक्टेट वाढते, रक्त थोडे आम्लधर्मी होते, अंग तापते आणि घामाने पाणी कमी होते. पेशी विळ्यासारखी होण्यासाठी या साऱ्या गोष्टी पोषकच. शिवाय सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता कमी झालेली असते, म्हणून शरीर लवकर कोरडे पडते. कागदावर पाहिले तर व्यायाम म्हणजे संकटाला आमंत्रणच वाटावे.

पण यात एक बारकावा आहे. हिमोग्लोबिनचे दोरे तयार व्हायला थोडा वेळ लागतो. बहुतेक पेशी त्याआधीच केशवाहिनीतून बाहेर पडून फुप्फुसाकडे परततात आणि पुन्हा प्राणवायू घेतात. गडबड होते ती पेशी वाटेत रेंगाळली तर. नियमित, बेताचा व्यायाम करणाऱ्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, रक्तवाहिन्यांचे अस्तर सुधारते आणि तेवढ्याच कामाला लॅक्टेट कमी तयार होते. म्हणजे अचानकचा जबर श्रम जे बिघडवतो, तेच हळूहळू केलेला सराव सुधारू शकतो. निदान तर्क तरी असा होता. तो तपासून पाहणे बाकी होते.

सायकलवरचे आठ आठवडे

ही तपासणी फ्रान्समध्ये झाली. पॅरिसला लागून असलेल्या क्रेतेइ येथील आँरी मोंदोर रुग्णालयातील आणि इतर संशोधकांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. ४० प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली बेताच्या जोराने सायकल चालवली. दुसऱ्या गटाची दिनचर्या नेहमीचीच राहिली. व्यायाम करणाऱ्या गटाची क्षमता वाढली. रक्तातील लॅक्टेट ठरावीक पातळीला पोहोचेपर्यंत ते पूर्वीपेक्षा जास्त ताकद लावू शकत होते. याच रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले, तेव्हा केशवाहिन्यांचे जाळेही वाढलेले दिसले.

आकडा लहान आहे, हे खरे. गंभीर दीर्घकालीन गुंतागुंत असलेल्या रुग्णांना या चाचणीत घेतलेच नव्हते, हेही तितकेच खरे. प्रत्येकाची आधी तपासणी झाली होती आणि शेजारी डॉक्टर उभे होते. त्यामुळे 'सिकलसेल असला तरी बिनधास्त पळा' असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. मात्र 'सिकलसेल आहे म्हणून बसून राहा' या सल्ल्यालाही आता शास्त्रीय आधार उरलेला नाही.

खुबा, फुप्फुस आणि योग

व्यायाम म्हणजे फक्त धावणे असे समजण्याचे कारण नाही. सिकलसेलच्या अनेक तरुण रुग्णांमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त न मिळाल्याने खुब्याचा सांधा झिजतो. अमेरिकेतील एका चाचणीत अशा रुग्णांपैकी काहींना हाडात छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी, तर काहींना केवळ फिजिओथेरपी देण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी तीन वर्षांनी केवळ फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी ८६ टक्के आणि शस्त्रक्रियाही झालेल्यांपैकी ८२ टक्के सांधे टिकून होते. चाचणी छोटी होती, त्यामुळे चार टक्क्यांच्या फरकाला अर्थ नाही. अर्थ आहे तो दोन्ही गट जवळपास सारखे निघाले याला. ज्या तालुक्यात अस्थिशल्यचिकित्सक सहज मिळत नाही, तिथे फिजिओथेरपिस्टची एक जागा भरणे किती मोलाचे आहे, हे यावरून समजावे.

१९९५ मधील दुसरा एक प्रयोग आणखी सोपा आहे. छातीत किंवा पाठीत दुखत असल्याने रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांना जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा, फुंकणीसारख्या छोट्या उपकरणातून खोल श्वास ओढायला लावला. वेदनेमुळे ही मुले श्वास वरवर घेतात, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि पुढे छातीचा जीवघेणा त्रास उद्भवतो. श्वासाच्या या व्यायामाने त्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. हे तीन चेंडूंचे प्लास्टिकचे उपकरण करोनाच्या काळात अनेक घरांनी पाहिले आहे, औषधाच्या दुकानात ते मिळते.

योगाबद्दल आपल्याकडे दावे खूप आहेत, मोजमाप कमी. न्यूयॉर्कमध्ये वेदनेमुळे दाखल झालेल्या मुलांवरील एका चाचणीत योगाच्या एका सत्रानंतर वेदनेचा आकडा सरासरी ०.६ ने उतरला, दुसऱ्या गटात तो जिथल्या तिथे राहिला. फायदा किंचित आहे, पण तो गोळी न घेता मिळालेला आहे.

सगळ्या जनुकीय आजारांना एकच नियम?

नाही. हिमोफिलियाच्या रुग्णाला एके काळी खेळायला मनाईच असे. रक्त गोठवणारा घटक इंजेक्शनने देता येऊ लागल्यावर पोहणे, सायकल, स्नायू बळकट करणे हे उपचाराचाच भाग झाले. याउलट डुशेन या स्नायूंच्या आजारात उतार उतरण्यासारख्या, स्नायू ताणत भार पेलणाऱ्या हालचालींनी स्नायूतंतू फाटतात, म्हणून तिथे हात आखडताच ठेवावा लागतो. जनुकात बिघाड काय आहे आणि तो शरीरात कुठे अडथळा आणतो, त्यावर व्यायामाचा प्रकार आणि मात्रा ठरते.

बांधीतली रोवणी हा व्यायाम मानायचा का?

फ्रान्समधील निष्कर्ष आंबागडला जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते इथे. भंडारा हा धानाचा जिल्हा. आषाढात पाऊस लागला की रोवणी सुरू होते. सकाळपासून घोटाभर चिखलात, कमरेत वाकून, अंगावर पाऊस झेलत पऱ्हे रोवायचे. हे काम बहुतांशी बायकाच करतात. गार पाण्यात आणि ओल्या कपड्यांत तासन् तास राहिल्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि सिकलसेलच्या वेदनेला थंडी हे नेहमीचे निमित्त असते. उन्हाळ्यात दुसरे टोक. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तेंदूपाने तोडायला जंगलात जायचे, पाण्याची बाटली एकच.

प्रयोगशाळेतल्या सायकलवर माणूस दमला की थांबतो. रोजीवर गेलेली बाई थांबू शकत नाही, कारण थांबली तर उद्या तिला बोलावणे येत नाही. 'तुम्ही दिवसभर काम करता, वेगळा व्यायाम कशाला?' असे दवाखान्यात सहज म्हटले जाते. पण सिकलसेलच्या दृष्टीने दोन्हींत मोठे अंतर आहे. उपयोगी व्यायाम बेताचा असतो, मध्ये विश्रांती असते, पाणी असते, तो आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढतो. शेतातली मजुरी हंगामात एकदम अंगावर येते आणि हंगाम संपला की थांबते. ज्या शरीराने उन्हाळाभर काही केले नाही, त्याला रोवणीच्या पहिल्याच दिवशी आठ तास वाकायला लावणे हा सर्वांत वाईट प्रकार. रोवणीच्या महिनाभर आधीपासून रोजचे चालणे वाढवत नेले, चिखलात गमबूट घातले, तासाभराने बांधावर येऊन अंग कोरडे केले, तर धोका कमी होण्याची शक्यता आहे. हे सांगणारी चाचणी मात्र धानपट्ट्यात व्हायला हवी.

पोलीस भरतीची तयारी आणि 'एएस पॅटर्न'

पहाटे पाचला तुमसर-भंडारा पट्ट्यातील कोणत्याही रस्त्यावर भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. यातले काही जण 'एएस' असणारच, आणि बऱ्याच जणांना ते माहीतही नसते.

वाहकांसाठी सर्वांत उपयोगी पुरावा अमेरिकी लष्कराकडून आला आहे. १९८७ मधील एका अभ्यासात नव्याने भरती झालेल्या वाहक जवानांमध्ये कवायतीदरम्यान अचानक मृत्यूचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट आढळले होते. त्यानंतर लष्कराने सर्वच जवानांसाठी पाणी, सावली, उष्णतेची हळूहळू सवय असे नियम केले. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त नसल्याचे दिसले. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र वाहकांमध्ये ५४ टक्क्यांनी अधिक होता.

वाहक तरुणाने धावणे सोडण्याचे काहीच कारण नाही, असाच याचा अर्थ होतो. काळजी घ्यायची ती पद्धतीची. आजारी असताना, ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा मेच्या उन्हात 'आज टाइम काढायचाच' म्हणून जिवाच्या आकांताने धावू नये. दोन वेगवान फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती असावी. मांड्या-पोटऱ्या अचानक दुबळ्या पडून दुखू लागल्या किंवा लघवी काळपट लाल झाली, तर लगेच थांबून दवाखाना गाठावा. मैदानावरच्या प्रशिक्षकांना ही एवढी माहिती असली, तरी पुष्कळ आहे. कोणाला संघातून वगळण्यासाठी ती वापरली जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही सांगितलेले बरे.

जगण्याची गुणवत्ता मोजतात कशी?

जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तीत शरीर, मन, नातेसंबंध आणि भोवतालची परिस्थिती अशा चार बाजूंनी माणसाला स्वतःच्या जगण्याबद्दल विचारले जाते. झोप लागते का, कामाला जाण्याइतकी ताकद वाटते का, पैसा पुरतो का, दवाखाना जवळ आहे का. हिमोग्लोबिनचा आकडा दोन महिने तोच राहिला तरी या उत्तरांत फरक पडू शकतो, आणि रुग्णाला तोच फरक जाणवतो.

सिकलसेलच्या बाबतीत नात्यांची बाजू नाजूक असते. कार्डावरचा पॅटर्न लग्नाआधी लपवला जातो, विशेषतः मुलीचा. सासरी दमली तर 'कामचुकार' आणि दुखले तर 'नाटक' हे शब्द ऐकावे लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या आजाराभोवतीचा कलंक मोजण्यासाठी भारतातल्या रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून स्वतंत्र मोजपट्टी तयार केली आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी याच मुद्द्यांसाठी आयुष्य वेचले, त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ ने सिकलसेलला २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्थान दिले, मात्र नोकरीतील चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत.

सुरुवात करायची असेल तर?

आधी डॉक्टरांची गाठ. हृदय, फुप्फुस, खुबा आणि पाणथरी (प्लीहा) तपासून घ्यावी. भारतीय रुग्णांमध्ये पाणथरी मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहू शकते. तसे असेल तर कबड्डी, कुस्ती बंद, कारण पोटावर मार बसून ती फुटण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी सुरू केलेले हायड्रॉक्सियुरिया व्यायाम सुरू केला म्हणून सोडायचे नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी हे औषध कमी मात्रेतही मुलांना लागू पडते, हे दाखवून दिले आहे. वेदना आटोक्यात असतील तरच अंग हलवावेसे वाटते.

पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे पुरे. चालताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, बोलणे तुटायला लागले की वेग जास्त झाला असे समजावे. उन्हाळ्यात पहाटे, हिवाळ्यात ऊन वर आल्यावर. आधी, मध्ये आणि नंतर पाणी. विहिरीच्या किंवा तलावाच्या गार पाण्यात उडी नको. ताप, छातीत दुखणे, धाप, पोट एकाएकी फुगणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायामाचा विषय तिथेच सोडून रुग्णालय गाठावे.

शाळेत तर याहून सोपे आहे. पीटीच्या तासाला या मुलाला स्वतःच्या गतीने फेऱ्या मारू द्याव्यात, हवे तेव्हा पाणी पिऊ द्यावे, हवे तेव्हा थांबू द्यावे आणि थांबला म्हणून कोणी हसणार नाही एवढे पाहावे.

संशोधन इथे होऊ शकते का?

सिकलसेलवर काम करणारे आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र चंद्रपूरला आहे, भंडाऱ्याहून नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय साठेक किलोमीटरवर. सायकली आणि लॅक्टेट मोजणारी यंत्रे खेड्यात नेणे कठीण असले, तरी जगभर मान्य असलेली सहा मिनिटांची चालण्याची चाचणी अगदी स्वस्त आहे. ३० मीटरची सपाट जागा, दोन खुणा, एक घड्याळ आणि बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालला ते लिहून ठेवायचे, तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचे. आंबागडसारख्या गावात एवढी जागा शाळेच्या पटांगणातही मिळते.